मांजर कुणाचं, सही कुणाची?

मागच्या लेखात आपण संशोधनाचा प्रश्न बारीक कसा करायचा ते पाहिलं. त्यावर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. "ताई, निरीक्षण करा, निरीक्षण करा असं सगळे सांगतात. पण म्हणजे नक्की करायचं काय?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचं उत्तर जरा आडवाटेने देते. आज मासे नाहीत, आलेख नाहीत, आर-स्क्वेअर तर नाहीच. आज कार्टून्स.

हसू नका. माझं पीएच.डी.चं काम माशांच्या वर्तनावर आहे हे जुन्या वाचकांना माहीत आहे. टाकीतल्या माशांचे व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवायचे आणि मासा कधी थबकला, कधी वळला, कधी शेजाऱ्याच्या अंगावर गेला याची नोंद करायची. दिवसाचे सहा तास हेच. एका संध्याकाळी डोकं बधिर झालं म्हणून शंभर वर्षांपूर्वीचं एक कार्टून लावलं. पाच मिनिटांनी लक्षात आलं की हात सवयीने स्पेसबारवर गेलाय आणि मी कार्टूनसुद्धा फ्रेम-फ्रेमने बघतेय. तिथून हा नाद लागला. सुरुवातीला माझं मत सरळ होतं: ही कार्टून्स गोड आहेत, कारण ती भाबडी आहेत. जुना काळ, साधी माणसं, साधी चित्रं. हे मत पुढे कसं मोडलं, मग दुसरं मत कसं मोडलं, आणि शेवटी हातात काय उरलं, त्याची ही गोष्ट.

डायनासोर श्वास घेते

सुरुवात 'गर्टी द डायनासोर'पासून करू. साल १९१४, अमेरिका. काढणारा विन्सर मॅके, त्या काळचा नावाजलेला वृत्तपत्रीय व्यंगचित्रकार. गर्टी आधी नाटकगृहात आली. मॅके स्वतः रंगमंचावर उभा राहून हुकूम सोडायचा, आणि मागच्या पडद्यावरची अजस्र डायनासोर ते पाळायची, किंवा पाळायची नाही. खरी गंमत त्या 'नाही'मध्ये आहे. गर्टीला पाय उचलायला सांगितलं की ती आधी भलतीकडेच बघते. रागावलं की रडते. मधेच आलेल्या हत्तीला, म्हणजे मॅमथला, शेपटीला धरून तळ्यात भिरकावते. तहान लागली की अख्खं तळं पिऊन टाकते.

आता स्पेसबार दाबा. गर्टीमागची टेकडी, झाड, तळ्याचा काठ, सगळं बारीक थरथरतंय. का? त्या वेळी पार्श्वभूमी एकदाच काढून तीच वापरण्याची सोय मॅकेच्या हाताशी नव्हती. पातळ कागदावर प्रत्येक फ्रेमसाठी डायनासोर नव्याने काढायची आणि प्रत्येक कागदावर तीच टेकडी पुन्हा गिरवायची. हे गिरवण्याचं काम जॉन फिट्झसिमन्स नावाचा तरुण करत होता. अशी हजारो चित्रं. कोपऱ्यांत खुणा करून कागद एकावर एक जुळवायचे. तरी हात म्हणजे हातच, रेघ केसभर हलणारच. आपल्याला जे थरथरताना दिसतं तो त्या हाताचा पुरावा आहे.

मॅकेची दुसरी एक गोष्ट मला फार आवडते. गर्टीचा श्वास किती वेळाचा असावा हे ठरवायला त्याने घड्याळ लावून स्वतःचाच श्वास मोजला. म्हणजे बघा, कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेला प्राणी पडद्यावर जिवंत करायचाय, संदर्भाला काहीही नाही, तर माणूस मोजता येईल अशी एक गोष्ट शोधतो आणि ती मोजतो. प्राणी काल्पनिक, पण श्वास मोजलेला. मेथडॉलॉजी या शब्दाची ज्यांना धास्ती वाटते त्यांनी हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

साधारण त्याच सुमाराला आपल्याकडे दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा मांडून रोज एक फ्रेम टिपत होते. महिनाभराहून जास्त धीर धरल्यावर मिनिटभराचा चित्रपट मिळाला: बी रुजतंय, कोंब फुटतोय, वेल चढतोय. पुढे १९१५ मध्ये त्यांनी आगपेटीतल्या काड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली. मॅकेचा रस्ता वेगळा, फाळक्यांचा वेगळा. पण एका मिनिटाच्या हालचालीसाठी महिनेच्या महिने बसून राहायची तयारी दोघांकडे सारखीच होती.

तर 'भाबडी' हे माझं पहिलं मत इथेच मोडलं. गर्टीचं हट्टी बाळासारखं वागणं भाबडेपणातून आलेलं नाही. ते मोजूनमापून, हिशोबाने बसवलेलं आहे. आणि त्या हट्टात एक टोमणाही आहे. प्राण्यांना चाबकावर नाचवणारे खेळ तेव्हाच्या रंगमंचावर नेहमीचेच होते. मॅकेनेही हातात चाबूक घेतला, पण समोरचा प्राणी असा निवडला की चाबकाला काही अर्थच उरू नये. मालक हुकूम सोडतोय आणि जनावर विचार करतंय, ऐकू की नको! प्रेक्षकांतल्या नोकरदार माणसाला हे बघून बरं वाटलं नसेल तर नवल.

भुकेल्या मांजराचं शेपूट

आता पुढे १९१९. 'फिलाईन फॉलीज' या छोट्या कार्टूनमध्ये एक काळं मांजर येतं. नाव अजून फेलिक्स नाही, मास्टर टॉम आहे. साहेब रात्री प्रेयसीला भेटायला जातात, इकडे घरात उंदीर धुमाकूळ घालतात आणि टॉमला घराबाहेर काढलं जातं. तिकडे जाऊन बघतो तर प्रेयसीच्या मागे पिल्लांची फौज. बिचारा थेट जीव द्यायला निघतो, आणि कार्टून तिथेच संपतं. हे लहान मुलांचं कार्टून म्हणायचं का? नाहीच. तेव्हा ही कार्टून्स मुख्य चित्रपटाआधी सगळ्या वयाच्या लोकांना दाखवत. घरभाडं, नोकरी, बायको, दारूबंदी, निवडणूक हे विषय त्यांच्यात येत, कारण समोर बसलेल्यांच्या डोक्यात तेच असायचं.

हेच मांजर थोड्याच काळात फेलिक्स म्हणून गाजलं. त्याची भुरळ कशात आहे? मी त्याचे काही लघुपट आवाज बंद करून परत परत पाहिले. (ते मूळचे मूकपटच. इंटरनेटवरच्या प्रतींत जे संगीत ऐकू येतं ते बहुतेक नंतर चिकटवलेलं असतं, तेव्हा आवाज बंद करणंच योग्य.) माझं निरीक्षण असं. फेलिक्सकडे काहीच नसतं. घर नसतं, पैसा नसतो, बहुतेक वेळा पोटात अन्नही नसतं. असतं ते फक्त शेपूट. मग तो मागे हात बांधून येरझाऱ्या घालतो, विचार करतो, आणि शेपूट काढून त्याचं हवं ते करतो: गळ, काठी, बॅट, हँडल. डोक्यावर प्रश्नचिन्ह उमटलं तर तेही हाताने उपटून आकडा म्हणून वापरतो. चित्राच्या जगात प्रश्नचिन्ह हीसुद्धा एक रेघ, आणि मांजरही रेघच. म्हणून एकाचं दुसरं होऊ शकतं.

इथे मला माझा मुद्दा सापडला. अशा कार्टून्सबद्दल लिहिणारे सहसा म्हणतात की गोडवा म्हणजे वरचं साखरेचं आवरण आणि आतली कडू गोळी म्हणजे समाजावरची टीका. मला हे पटत नाही. इथे आवरण आणि गोळी अशा दोन वस्तू नाहीतच. फेलिक्सने शेपटीचा गळ केला की आपण हसतो, आणि ज्या कारणाने हसतो तीच टीका असते. ज्याच्याकडे काहीच उरलेलं नाही त्याला स्वतःच्या अंगाचंच हत्यार करावं लागतं. हात-पाय विकून पोट भरणाऱ्या माणसाची हीच गोष्ट आहे. तो विनोद काढून टाका, टीकाही गेली.

याचा सगळ्यात नेटका नमुना म्हणजे १९२३ चा 'फेलिक्स रिव्होल्ट्स'. गाव ठरवतं की मांजरांना खायला घालायचं नाही. फेलिक्स काय करतो? भीक मागत नाही, चोरीही करत नाही. सगळ्या मांजरांना जमवून संप पुकारतो. मांजरांनी काम थांबवलं की उंदरांना रान मोकळं. गावकऱ्यांच्या नाकी नऊ येतात आणि शेवटी त्यांना मांजरांपुढे नमतं घ्यावं लागतं. काही मिनिटांत पूर्ण अर्थशास्त्र! मांजराचं काम ते चोख होतं तोवर कुणाला दिसत नव्हतं. ते थांबलं तेव्हा दिसलं. आमच्या लॅबमध्ये टाक्या धुणारे काका एक आठवडा गावी गेले होते, तेव्हा आम्हा सगळ्या भावी डॉक्टरांची काय अवस्था झाली होती ते मला चांगलं आठवतं.

आणि विज्ञानवाल्यांसाठी खास: १९२४ चा 'फेलिक्स डबल्स फॉर डार्विन'. माणूस माकडापासून आला का, हे शोधायला फेलिक्स समुद्राखालच्या तारेतून थेट आफ्रिकेत पोचतो. तिथल्या माकडांना माणसाशी नातं लावलेलं मुळीच आवडत नाही. आपली बदनामी झाली असं समजून ती त्याच्यावर उठतात. याच्या पुढच्याच वर्षी, जुलै १९२५ मध्ये, टेनेसी राज्यातल्या डेटन गावात उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला. 'माकड खटला' म्हणून तो जगभर गाजला. म्हणजे हा वाद हवेत होता आणि कार्टूनने तो नेमका उलटा धरला. तुम्ही म्हणता माकडाशी नातं म्हणजे आमचा अपमान. अहो, आधी माकडाला विचारलंत का? प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मी इथे हात वर करणारच. डार्विनचं म्हणणं आजच्या माकडापासून माणूस झाला असं नाही. दोघांचे पूर्वज एक, असं आहे. पण थट्टेचं लक्ष्य डार्विन नाहीच, माणसाची ऐट आहे. तो बाण बरोबर बसतो.

बेटी आणि 'कुणीही नाही'

आता बोलपटाच्या काळात येऊ. न्यूयॉर्कमध्ये मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर या भावांचा स्टुडिओ होता. मॅक्सने 'रोटोस्कोप' नावाचं यंत्र बनवलं होतं. खऱ्या माणसाचं चित्रण काचेवर टाकून ते फ्रेम-फ्रेमने गिरवायचं, त्यातून चित्रातला माणूस खऱ्यासारखा हलतो. (आम्ही माशांचा माग काढतो ते याचंच लांबचं भावंड म्हणा ना.) याच स्टुडिओची बेटी बूप १९३० मध्ये पहिल्यांदा पडद्यावर आली.

नोव्हेंबर १९३२. अमेरिका महामंदीत खोल रुतलेली, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक दारात. आणि पडद्यावर 'बेटी बूप फॉर प्रेसिडेंट'. बेटीच्या विरोधात उभा उमेदवार म्हणजे 'मिस्टर नोबडी', अर्थात श्रीयुत कुणीही नाही. त्याच्या प्रचाराचा सूर असा की तुमचे कर कोण कमी करेल, तुमची काळजी कोण घेईल, तर कुणीही नाही! एकाच शब्दावरचा श्लेष, पण त्या वर्षी बेकारीच्या रांगेत उभं राहून आलेल्या माणसाला तो कसा लागला असेल? बेटीही कमी नाही. भाषण करता करता तिचा चेहरा क्षणभर हर्बर्ट हूव्हरचा होतो, क्षणभर अल स्मिथचा. सभागृहात हत्ती आणि गाढवं, म्हणजे दोन मोठ्या पक्षांची चिन्हं, एकाने हो म्हटलं की दुसऱ्याने नाही म्हणायचं एवढंच काम करतात. बेटी निवडून आली तर काय होईल? पावसात सगळ्या शहरावर एकच अवाढव्य छत्री उघडेल. आणि शेवटी येतो फेसाळलेला बिअरचा ग्लास, दारूबंदी अजून चालू असताना. ती उठली १९३३ च्या डिसेंबरात.

या लघुपटाची ताकद सांगायची तर, तो कुठल्याच पक्षाचा नाही. बेटीची आश्वासनंही तितकीच अचाट आहेत. फरक इतकाच की छत्रीचं आश्वासन चित्रात लगेच खरं होतं. आश्वासन आणि प्रत्यक्ष यांच्यात राजकारणात जे अंतर असतं ते चित्रात शून्य असतं, आणि म्हणूनच ते आपल्याला दिसतं.

पण फार काळ हे चाललं नाही. १९३४ मध्ये हॉलिवूडची आचारसंहिता कडकपणे लागू झाली. बेटीचा झगा लांब झाला, बाह्या आल्या, ती घरगुती झाली. नंतरची कार्टून्स वाईट नाहीत, पण गरागरा फिरणारं ते जग शांत झालं. रेघ गुळगुळीत झाली आणि दातही गेले.

हसू नेमकं कुणावर?

इथपर्यंत येऊन माझं दुसरं मत तयार झालं होतं: ही कार्टून्स बंडखोर आहेत, दुबळ्यांच्या बाजूची आहेत. ते मत घेऊन मी उत्साहाने विभागातल्या एका अनौपचारिक चर्चेत बोलले. संपल्यावर साहित्याचा अभ्यास करणाऱ्या एका मैत्रिणीने शांतपणे विचारलं, "तू न दाखवलेल्या क्लिप्स कोणत्या?"

तो प्रश्न मला झोंबला, कारण उत्तर मला माहीत होतं. मी सोयीच्या क्लिप्स निवडल्या होत्या. आपण ज्याला चेरी-पिकिंग म्हणतो, ते. त्या काळातल्या ढीगभर कार्टून्समध्ये कथा आफ्रिकेत गेली की काळी माणसं जाड ओठांची, नरभक्षक, मूर्ख अशी काढलेली असतात. चिनी माणूस, ज्यू माणूस, सगळ्यांचे ठरलेले ओंगळ साचे. 'बेटी बूप फॉर प्रेसिडेंट'मध्येच एक जागा आहे: मृत्युदंडाच्या खुर्चीवर नेलेल्या दांडगट कैद्याला फासावर न देता तिथेच नटवलं-सजवलं जातं आणि तो नाजूक, बायकी होऊन बाहेर येतो. शिक्षेवरची टीका म्हणून हे हुशार आहे. पण हशा शिक्षेवर येत नाही, त्या 'बायकी'पणावर येतो.

एवढ्यावर थांबत नाही. निकोलस सॅमंड या अभ्यासकाने दाखवून दिलं आहे की पांढरे हातमोजे, काळा चेहरा, मोठं तोंड, मोठे डोळे हा सगळा साज अमेरिकेतल्या 'मिन्स्ट्रेल' खेळांतून आलेला आहे. गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या लोकांची टवाळी करत, ते खेळ. म्हणजे आपल्याला जे 'क्यूट' वाटतं त्याच्या मुळाशीच कुणाची तरी खिल्ली आहे. हे वाचल्यावर मी फेलिक्सकडे पूर्वीसारखं बघू शकत नाही. बघते अजूनही, पण पूर्वीसारखं नाही.

तर मग ही कार्टून्स टाकून द्यायची का? मला तसं वाटत नाही. पण "तो काळच तसा होता" म्हणून हात झटकायलाही मी तयार नाही. त्याच काळात त्याच स्टुडिओतल्या लोकांना राजकारण्यांचा खोटेपणा बरोबर दिसत होता. एका बाजूची नजर तीक्ष्ण आणि दुसऱ्या बाजूची आंधळी असेल, तर समीक्षेने दोन्हींची नोंद करायची. दोन्ही निरीक्षणं एकाच तक्त्यात. एक रकाना पुसून दुसरा खरा होत नाही.

सही

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिथे येते.

फेलिक्सच्या पडद्यावर नाव असायचं पॅट सुलिव्हनचं. स्टुडिओ त्याचा, मांजराचे हक्क त्याचे, पैसा आणि प्रसिद्धी त्याची. मांजर घडवणारा, ते चालवणारा, त्याला विचार करायला लावणारा माणूस होता ओटो मेस्मर. पडद्यावर त्याचं नाव नाही. वर्तमानपत्रातली फेलिक्सची चित्रमालिकाही वर्षानुवर्षं त्याने काढली आणि ती सुलिव्हनच्या नावाने छापली गेली. सुलिव्हन १९३३ मध्ये वारला. मेस्मरचं श्रेय लोकांपर्यंत पोचायला आणखी काही दशकं जावी लागली. जॉन कॅनमेकरसारख्या इतिहासकारांनी जुन्या सहकाऱ्यांना गाठून, कागद तपासून ते मांडलं. आज बहुतेक इतिहासकार मेस्मरच्या बाजूने आहेत. सुलिव्हनच्या मायदेशात, ऑस्ट्रेलियात, काही अभ्यासक अजूनही श्रेय सुलिव्हनला देतात, त्यामुळे वाद पूर्ण मिटलेला नाही. सही ज्याची, तो कर्ता, असं धरून चाललं की पुराव्याचं ओझं दुसऱ्यावर पडतं, हे इथे नीट दिसतं.

आणि हे एकटं उदाहरण नाही. मॅकेने आपलं तंत्र पेटंटने बांधून ठेवलं नाही. जॉन ब्रे याने अ‍ॅनिमेशनच्या पद्धतींची पेटंटं घेतली आणि चक्क मॅकेवरच दावा लावला. मॅके जिंकला. गायिका हेलन केनने दावा केला की बेटी बूपची बोलण्या-गाण्याची लकब आपली चोरलेली आहे. तेव्हा स्टुडिओने कोर्टात दाखवलं की ती लकब तिच्याही आधी 'बेबी एस्थर' या काळ्या गायिकेकडे होती. १९३४ मध्ये केन हरली. एस्थरचं नाव पुरावा म्हणून कामी आलं. कलाकार म्हणून तिच्या पदरात काय पडलं? काही नाही. फ्लायशरांकडेच लिलियन फ्रीडमन ही स्त्री अ‍ॅनिमेटर होती. कामाच्या मानाने पडद्यावर तिचं नाव अगदी मोजक्या वेळा आलं.

'फेलिक्स रिव्होल्ट्स' आठवतो ना? १९३७ च्या मे महिन्यात फ्लायशर स्टुडिओतल्या चित्रकारांनी खरोखरचा संप केला. मधली चित्रं काढणारे, शाई भरणारे, रंग भरणारे असे सगळे. जवळपास पाच महिने तो चालला. १९४१ मध्ये डिस्नेकडेही संप झाला. कार्टूनमधल्या मांजरांना जे काही मिनिटांत मिळालं त्यासाठी ती काढणाऱ्यांना महिनोन् महिने रस्त्यावर उभं राहावं लागलं.

हे सगळं वाचताना मला माझा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट आठवत होता. एका उन्हाळ्यात मी ढीगभर व्हिडिओ स्कोअर केले होते. पुढे ते काम एका परिषदेत पोस्टर म्हणून लागलं. मी ते पोस्टर कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर पाहिलं. माझं नाव लेखकांत नव्हतं, आभारातही नव्हतं. मी कुणालाच काही बोलले नाही. तेव्हा वाटलं, असंच असतं.

यापुढचं लिहायला जड जातंय. गेल्या महिन्यात मी माझ्या पेपरचा मसुदा उघडला. त्यातली जवळपास एक तृतीयांश नोंद एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थिनींनी केलेली आहे. त्यातल्या एकीने तर माझी नोंदीची पद्धतच दुरुस्त केली होती. मी 'थबकणे' ज्याला म्हणत होते त्यात दोन वेगळ्या हालचाली मिसळल्या आहेत, हे तिने दाखवलं. आणि मसुद्यात त्या दोघींसाठी मी काय लिहिलं होतं? आभाराच्या परिच्छेदात, "डेटा गोळा करण्यात मदत करणाऱ्या विद्यार्थ्यांचे आभार." नावंसुद्धा नाहीत. मेस्मरबद्दल चार लोकांत तावातावाने बोलणारी मी, आणि सुलिव्हन माझ्याच लॅपटॉपवर.

नावं आभारात घालून मी मसुदा बदलला. जिने पद्धत सुधारली तिचं नाव लेखकांत यावं असं माझं म्हणणं गाइडना लिहून पाठवलं, कारण तिचं योगदान हातांचं होतं तसं विचाराचंही होतं. सर म्हणाले, बघू, बाकीच्या लेखकांशी बोलावं लागेल. अजून ठरलेलं नाही. ठरेल तेव्हा सांगेन, जे ठरेल ते.

आता तुमचं काम

वर उल्लेख केलेली बहुतेक कार्टून्स जुनी असल्याने इंटरनेटवर मोफत सापडतात. एक निवडा, सात-आठ मिनिटांचं. आणि असं करा:

१. पहिल्यांदा नुसतं बघा. वही बंद. कुठे हसलात तेवढंच लक्षात ठेवा. आनंद हीसुद्धा नोंदच आहे, ती आधी घ्या.

२. दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघा. काय दिसतं ते लिहा, काय वाटतं ते नाही. "मांजर दुःखी आहे" हे निरीक्षण झालं नाही. "मांजर हात मागे बांधून तीन फेऱ्या घालतं" हे निरीक्षण.

३. तिसऱ्यांदा, जिथे हसलात तिथे थांबून एकेक फ्रेम पुढे जा. हसू नेमकं कशावर आलं? कुणावर आलं? तो वरचा आहे की खालचा?

४. तुमचं एक वाक्याचं मत लिहा. मग ते खोटं पाडेल असं एक कार्टून मुद्दाम शोधा. सापडलं नाही तर अजून शोधा.

५. प्रत तपासा. मी गर्टीच्या एका श्वासाला किती चित्रं लागतात ते मोजायला गेले, तर दोन प्रतींत दोन वेगळी उत्तरं आली. कारण मूकपट ठरावीक वेगाने चालत नसत, आणि डिजिटल करताना मधे काही फ्रेम दुहेरी टाकलेल्या असतात. माझी मोजणी बरोबर होती. मी जे मोजत होते तेच मूळ नव्हतं.

६. शेवटी पडद्यावरची नावं वाचा. मग ज्यांची नावं नाहीत त्यांची यादी करायचा प्रयत्न करा.

हे सहावं काम कार्टूनपुरतं ठेवू नका. तुमच्या प्रोजेक्टची फाइल उघडा आणि तिथेही करून बघा. टाक्या कुणी धुतल्या, कोड कुणाचा उचलला, शंका कुणी काढली. यादी माझ्या अंदाजापेक्षा लांब निघाली होती. तुमची किती निघते ते कळवा.